‘सरळ एमआरआयच काढू’ म्हणण्याआधी

रात्री दोन वाजता पेशंट येतो. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात उचलत नाही, शब्द अडखळतायत. डॉक्टर सीटी स्कॅन लिहून देतात आणि सोबत आलेला मुलगा माझ्यापाशी येऊन म्हणतो, "दादा, सीटीत काय दिसणार? सरळ एमआरआयच काढू. पैशाचं मी बघतो."

रेडिओलॉजी विभागात तंत्रज्ञ म्हणून काम करताना हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय. त्यामागचा जीव कळतो. आईच्या बाबतीत कसर नको, म्हणून महागातली तपासणी. पण त्या घटकेला त्याच्या आईला सीटीचीच गरज असते. ती का, हे पटायला दोन्ही यंत्रं मुळात काय मोजतात ते बघावं लागतं.

बाहेरून ती भावंडंच वाटतात. पांढरं धूड, मधे भोक, त्यात सरकत जाणारं टेबल. नीट पाहिलं तर सीटीचं कडं टायरसारखं अरुंद असतं, एमआरआयचा मात्र लांब बोगदा असतो. आतलं काम तर पूर्ण वेगळं.

सीटी म्हणजे एक्स-रेच. साध्या एक्स-रेत शरीराची सावली पडते आणि फासळ्या, हृदय, फुप्फुसं एकाच चित्रात एकमेकांवर चढतात. देवळाच्या सभामंडपात दारातून पाहिलं तर पुढचे खांब मागच्यांना झाकतात. मंडपाभोवती फेरी मारली की कुठला खांब कुठे ते उलगडतं. सीटीची नळी अशीच पेशंटभोवती फिरते, शेकडो कोनांतून एक्स-रे सोडते, आणि पलीकडे किती पोचले यावरून संगणक शरीराच्या आडव्या चकत्या मांडतो. गॉडफ्रे हाऊन्सफील्ड या ब्रिटिश अभियंत्याने हे यंत्र घडवलं. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमध्ये पहिल्यांदा एका रुग्ण महिलेच्या मेंदूचा सीटी निघाला. चित्र उण्यापुऱ्या 80 गुणिले 80 ठिपक्यांचं होतं, पण कवटी न उघडता मेंदूच्या आतलं दिसलं. 1979 चं नोबेल त्यांना, यामागचं गणित मांडणाऱ्या अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासोबत मिळालं.

हाऊन्सफील्ड यांच्या नावाची मोजपट्टी आम्ही रोज वापरतो. पाणी 0, हवा उणे 1000, चरबी उणे 100 च्या आसपास, मेंदू 30-40, नुकतंच साकळलेलं रक्त 60-70 च्या घरात, आणि घट्ट हाड थेट 1000 च्या पुढे. म्हणजे सीटी प्रत्येक ठिकाणी एवढंच विचारतो की या जागेने एक्स-रे किती अडवले. मेंदूत रक्त सांडलं असेल तर ते करड्या मेंदूत पांढरं उठून दिसतं.

आता पुन्हा रात्री दोनच्या पेशंटकडे. पक्षाघात दोन तऱ्हांनी होतो. रक्तवाहिनीत गुठळी अडकते, नाहीतर वाहिनी फुटून रक्त सांडतं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देता येतं. रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर उठतं. त्यामुळे पहिला प्रश्न एकच: रक्त सांडलंय का? सीटी त्याचं उत्तर काही मिनिटांत देतो. गुठळीने रक्त अडलेला मेंदू मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी गमावत असतो. एमआरआयसाठी आधी अंगावरचं, अंगातलं धातू तपासायचं, मग पेशंटने निश्चल पडायचं. घाबरलेल्या, बोलता न येणाऱ्या माणसाला ते जड जातं.

इथेच दुसरा गैरसमज होतो. सीटीचा रिपोर्ट नॉर्मल आला की नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात, "म्हणजे काही नाही ना?" असतं. गुठळीचा झटका पहिल्या काही तासांत सीटीवर अनेकदा दिसतच नाही. डॉक्टरांना मात्र हवं ते कळलेलं असतं: रक्त सांडलेलं नाही, म्हणजे इंजेक्शनचा विचार करता येईल. मेंदूचा नेमका कुठला भाग दगावतोय हे एमआरआयवर खूप आधी उमटतं, म्हणून तो बऱ्याचदा मागाहून काढतात.

एमआरआयला एवढ्या लवकर कसं दिसतं? कारण तो पाण्याशी बोलतो. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू, आणि त्या अणूचं केंद्रक म्हणजे एक प्रोटॉन. भोवरा मंदावताना डुलतो तसे हे प्रोटॉन चुंबकीय क्षेत्रात डुलतात. 1.5 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) यंत्रात ते सेकंदाला साधारण 6 कोटी 40 लाख वेळा, म्हणजे 64 मेगाहर्ट्झला. तुमचा एफएम रेडिओ 88 ते 108 वर लागतो, त्याच्या जरासं खाली. त्याच वेगाची रेडिओलहर सोडली की प्रोटॉन कलंडतात, ती थांबली की मूळ जागी परततात आणि परतताना क्षीण रेडिओसंदेश देतात. चरबीतले झटकन परततात, पाव सेकंदाच्या आसपास. मेंदूभोवतीच्या पाण्यातल्यांना काही सेकंद लागतात. सूज आली, पेशी फुगल्या, गाठ झाली की तिथल्या पाण्याची वागणूक बदलते, आणि ती एमआरआयला कळते. मला आजही याचं नवल वाटतं.

फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी 1946 मध्ये प्रोटॉनचे हे संदेश टिपले तेव्हा कुणाच्या डोक्यात आजारपण नव्हतं. त्यांना 1952 चं नोबेल मिळालं ते भौतिकशास्त्राचं. पॉल लॉटरबर यांनी 1973 मध्ये त्यापासून चित्र काढून दाखवलं. त्यांना आणि पीटर मॅन्सफील्ड यांना 2003 मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. सुरुवातीला एमआरआयच्या नावात ‘न्यूक्लियर’ होतं. तो शब्द केंद्रकापुरता होता, किरणोत्साराशी त्याचा संबंध नाही. लोक घाबरतात म्हणून तो गाळला गेला.

म्हणून पाठीच्या मणक्यातली गादी सरकली, नस दबली, गुडघ्याचा लिगामेंट तुटला, तर एमआरआय. तिथे सीटीवर हाड छान दिसतं, पण नस आणि गादी तितकी स्पष्ट नाही. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. मणक्याच्या रिपोर्टमधले शब्द वाचून हातपाय गाळू नका. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन एकत्र तपासले, तेव्हा विशीतल्या 37 टक्के लोकांत आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांत गादीची झीज सापडली. रिपोर्ट आणि दुखणं यांची सांगड डॉक्टरच घालू शकतात.

मूतखड्यात गणित उलटं. खड्यात पाणी जवळपास नसतंच, त्यामुळे एमआरआयला तो नीट दिसत नाही. साध्या सीटीवर मात्र चार मिलिमीटरचा खडाही चमकतो. फुप्फुसाचंही तसंच. त्यात हवाच हवा, प्रोटॉन थोडे. कोरोनात घराघरांत "एचआरसीटीचा स्कोअर किती?" असं विचारलं जायचं, तो पंचवीसपैकीचा आकडा सीटीचाच. फुप्फुसाचे पाच भाग, प्रत्येकाला पाचपैकी गुण.

मग सीटीत किरणं आहेत, त्याचं काय? आहेत. डोक्याच्या सीटीत साधारण 2 मिलिसिव्हर्ट, म्हणजे किरणांच्या डोसचं माप. जमीन, हवा, अवकाश यांतून जगातल्या माणसाला वर्षाकाठी सरासरी 2.4 मिळतातच. पोटाच्या सीटीत डोस याच्या कैकपट असतो. गरज असेल तर बेधडक काढावा, नुसती खात्री म्हणून दर महिन्याला काढू नये. लहान मुलं आणि गरोदर बाई असेल तर आम्हीही दोनदा विचारतो.

एमआरआयमध्ये ही किरणं नाहीत, धोका चुंबकाचा आहे. 1.5 टेस्ला म्हणजे आपल्याकडच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजारपटींहून जास्त. त्याची वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये उणे 269 अंशाला बुडवलेली असतात, त्यामुळे एकदा सोडलेला प्रवाह फिरतच राहतो. दिवे मालवले, संगणक बंद केला, तरी चुंबक चालू. जानेवारी 2018 मध्ये मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरलेल्या एका तरुणाचा यातच जीव गेला. पेशंटसोबत आलेला होता तो.

म्हणून आम्ही मागे लागतो. जोडवी, हेअरपिना, पदराची सेफ्टी पिन, करदोट्यातला ताईत, सगळं बाहेर. मंगळसूत्र काढायला बायका खळखळ करतात. "मावशी, ते तुमच्या सुनेच्या हातात द्या, पाच पावलांवर उभी आहे ती," म्हटलं की बहुतेक जणी ऐकतात. सोनं चुंबकाला चिकटत नाही, पण गाठवलेली तार, आकडा कशाचा आहे कोण सांगणार? आणि चिकटला नाही तरी कुठलाही धातू तापू शकतो, चित्र बिघडवतो. पेसमेकर, कानातलं यंत्र, मेंदूतली क्लिप, हाडातला रॉड, काहीही बसवलेलं असेल तर त्याचं कार्ड घेऊन या. टायटॅनियमचं असेल तर सहसा अडत नाही. नवे पेसमेकर काही अटींवर चालतात, जुने सहसा नाही.

शेवटचा प्रश्न ऐकून लोक चमकतात: "काका, कधी लेथवर, ग्राइंडरवर, वेल्डिंगचं काम केलंय? डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता?" वर्कशॉपमध्ये पंचवीस-तीस वर्षं काढलेली माणसं आमच्याकडे बरीच येतात. कण गेला होता, काढला की नाही आठवत नाही, असं कुणी म्हटलं की एमआरआय थांबतो. आधी त्यांना शेजारच्या खोलीत नेतो आणि डोळ्यांचा साधा एक्स-रे काढतो.