सूर बदलले तरी चाल तीच कशी? फ्रान्स वेबर आणि सौंदर्याचं शास्त्र

पेटीवर एखादं भजन काळी एकमध्ये वाजवा आणि मग तेच पांढरी चारमध्ये वाजवा. काळी एकचा मधला सा साधारण 277 हर्ट्झचा, त्याचा पंचम 415 च्या आसपास. पांढरी चारला गेलात की सा जातो 349 वर आणि पंचम 523 वर, म्हणजे सगळं आपल्या जागेवरून हललं, आणि तरी घरातलं लहान पोरही सांगेल की भजन तेच आहे. आता उलट करून बघा, तेच सूर ठेवा आणि क्रम विस्कटा, भजन गेलं! मग भजन नक्की कशात असतं? नुसत्या सुरांत म्हणावं तर सूर बदलूनही ते टिकलं, आणि सुरांशिवाय म्हणावं तर पेटी बंद केली की ऐकायला काहीच उरत नाही.

हाच प्रश्न ऑस्ट्रियातल्या क्रिस्टियान फॉन एरेनफेल्स यांनी 1890 मध्ये एका निबंधात मांडला, आणि पुढे ज्याला गेस्टाल्ट, म्हणजे अख्ख्या आकृतीचं, मानसशास्त्र म्हणतात त्याची सुरुवात तिथून धरतात. त्यांचं म्हणणं असं की चाल ही सुरांची नुसती बेरीज नाही, सुरांच्या आपसातल्या नात्यावर उभं राहिलेलं ते एक वेगळंच काहीतरी आहे. वरच्या दोन्ही पट्ट्यांत सा आणि पंचम यांचं गुणोत्तर दीडच्या जवळच येतं, आपला कान ते नातं धरतो. काही महिन्यांची बाळंसुद्धा पट्टी बदललेली चाल ओळखतात, आणि गंमत म्हणजे युरोपातल्या स्टार्लिंग पक्ष्यांवर प्रयोग केले तेव्हा ते इथे अडखळले. म्हणजे चाल ऐकू येणं ही काही आपोआप घडणारी साधी गोष्ट नाही.

योगायोग असा की त्याच 1890 साली मुर नदीकाठच्या गोर्न्या राद्गोना या गावात तत्त्वज्ञ फ्रान्स वेबर यांचा जन्म झाला. गाव आज स्लोव्हेनियात आहे, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. हीच नदी वरच्या अंगाला ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातून येते आणि वेबर शिकायला गेले तेही ग्राझलाच, अलेक्सियस माइनोंग यांच्या हाताखाली. माइनोंग तत्त्वज्ञ, पण 1894 मध्ये त्यांनी तिथे साम्राज्यातली पहिली प्रायोगिक मानसशास्त्राची लॅब काढली होती. एरेनफेल्स त्यांचेच शिष्य. त्याच लॅबमध्ये व्हित्तोरियो बेनुस्सी बाणाच्या टोकांची ती प्रसिद्ध चित्रं घेऊन बसायचे, दोन रेघा सारख्याच लांबीच्या, एकीची टोकं आत वळलेली आणि दुसरीची बाहेर उघडलेली, आणि दुसरी लांब वाटते ती. बेनुस्सींनी लोकांना कधी अख्खी आकृती एकत्र बघायला सांगितलं, कधी फक्त मधली रेघ सुटी करून बघायला सांगितलं, आणि सुटं बघितलं की भास कमी होतो, सराव झाला की आणखी कमी होतो. डोळ्यात येणारा प्रकाश तोच, तरी दिसणं बदललं. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण आकृती घडण्यात मनाचा हात आहे हे इथे मोजपट्टीने दाखवता येतं.

1918 ला साम्राज्य कोसळलं, 1919 मध्ये ल्युब्लियानाला, म्हणजे आजच्या स्लोव्हेनियाच्या राजधानीत, विद्यापीठ सुरू झालं, आणि वेबर तिथे तत्त्वज्ञान शिकवू लागले. मग त्यांनी जे केलं ते वाचून थक्क व्हायला होतं: 1921 ला तत्त्वज्ञानाची मांडणी, 1923 ला नीतिशास्त्र, 1924 ला मानसशास्त्र आणि 1925 ला सौंदर्यशास्त्रावरचा जाडजूड ग्रंथ, सगळं स्लोव्हेनियन भाषेत, जिथे या विषयावर असं पद्धतशीर लिखाण जेमतेमच होतं. त्यांचा विद्यार्थी क्लेमेंट युग हा तर गुरूची नीतिविषयक शिकवण घेऊन डोंगर चढायचा, 1924 मध्ये स्लोव्हेनियातल्या सगळ्यात उंच त्रिग्लाव शिखराच्या उत्तर कड्यावर त्याचा मृत्यू झाला, वय फक्त 25.

आता सौंदर्याचं काय? आपण एरवी दोनच पर्याय धरतो, एक तर सौंदर्य वस्तूत असतं किंवा बघणाऱ्याच्या मनात. ग्राझच्या मंडळींनी तिसरी वाट काढली. डोळा जसा रंग पकडतो तशी भावनासुद्धा काहीतरी पकडते, ती नुसती आतली खळबळ नाही, ती समोरच्या गोष्टीबद्दल आपल्याला काही सांगते. हे माइनोंग यांनी 1917 मध्ये मांडलं आणि वेबर यांनी ते कलेपर्यंत नेलं: आपला आनंद सुट्या सुरांना किंवा रंगांच्या डागांना नाही, तर त्यांच्यावर उभ्या राहिलेल्या आकृतीला लागलेला असतो. नाटकात कुणी मेलं तर आपल्याला रडू येतं, पण आपण स्टेजवर धावत जात नाही ना, कारण ती कल्पनेच्या पातळीवरची भावना आहे, खरीखुरी जाणवते पण नट मेलाय असं आपण मानत नाही. हे मला पटतं. पण याच परंपरेत असंही म्हटलंय की भावना बरोबर किंवा चूक असू शकते, आणि इथे मी अडतो, कारण रेघ मोजायला पट्टी आहे, एखाद्या चित्रावरचं कुणाचं प्रेम चूक हे कोण आणि कशावर ठरवणार?

वेबर स्वतःही एका जागी थांबले नाहीत. 1939 च्या वास्तवाच्या प्रश्नावरच्या पुस्तकात ते म्हणतात की संवेदना आपल्याला नुसतं चित्र दाखवत नाही, ती खऱ्या वस्तूवर जाऊन आदळतेसुद्धा. अंधारात पाय उंबऱ्याला ठेचला की उंबरा कसा दिसतो ते कळत नाही, पण तिथे काहीतरी आहे याबद्दल शंका उरत नाही, असं काहीसं.

दुसरं महायुद्ध संपलं, युगोस्लाव्हियात नवी कम्युनिस्ट राजवट आली आणि 1945 मध्ये त्यांना सक्तीने निवृत्त केलं. वय तेव्हा पंचावन्नच्या आसपास. पुढची तीस वर्षं हा माणूस त्याच देशात जवळजवळ विस्मरणात जगला, याचं मला खरंच वाईट वाटतं. 1972 मध्ये मानसशास्त्रज्ञ आन्तोन तेर्स्तेन्याक यांनी म्युनिकहून त्यांच्या गौरवाचा ग्रंथ जर्मनमध्ये काढला तेव्हा कुठे बाहेरच्यांना नाव कळलं. 1975 मध्ये वेबर ल्युब्लियानातच वारले. त्याच शहरात 1998 ला सौंदर्यशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि त्या वर्षापासून सौंदर्यशास्त्राच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष होते तिथलेच आलेश एर्यावेत्स, फक्त त्यांचा ओढा आकृती आणि भावनांपेक्षा कला आणि राजकारणाकडे, समाजवादी देशांतल्या बंडखोर कलावंतांकडे जास्त होता.