कल्चर रिपोर्टवरची ‘आर’ची रांग

अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या रक्ताचा किंवा लघवीचा कल्चर रिपोर्ट, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून त्यांच्यावर औषधे तपासल्याचा अहवाल, दोन-तीन दिवसांनी हाती येतो, तेव्हा डॉक्टरांची नजर आधी उजवीकडच्या रकान्याकडे जाते. तिथे अँटिबायोटिकच्या नावासमोर ‘एस’ असेल तर औषध लागू पडण्याची आशा असते. ‘आर’ असेल तर जिवाणू त्या औषधाला जुमानत नाही. मेरोपेनेमसारख्या राखीव औषधासमोरही ‘आर’ उमटला, की हाताशी फार थोडे पर्याय उरतात. त्यांतले कोलिस्टिन हे औषध मूत्रपिंडांना घातक म्हणून एकेकाळी जवळपास अडगळीत पडले होते.

हा ‘आर’ येतो कुठून? पेनिसिलिनपासून मेरोपेनेमपर्यंतच्या औषधांच्या रेणूत चार अणूंचे एक कडे असते आणि जिवाणूची भित्तिका बांधू न देण्याचे काम त्या कड्यावर अवलंबून असते. एनडीएम-1 नावाचे विकर (एन्झाइम) जस्ताच्या अणूंच्या साहाय्याने नेमके तेच कडे फोडते. ते बनवण्याची कृती प्लास्मिड या डीएनएच्या सुट्या वेटोळ्यावर लिहिलेली असते आणि एक जिवाणू तिची प्रत शेजाऱ्याला, अगदी दुसऱ्या जातीच्या शेजाऱ्यालाही, देऊ शकतो. त्यामुळे ‘चिवट जंतू’ हा शब्दप्रयोग मला अपुरा वाटतो. एकाच जंतूवर पाळत ठेवून इथे भागत नाही.

दिल्लीच्या रुग्णालयात उपचार घेऊन आलेल्या एका रुग्णाच्या लघवीतील क्लेब्सिएला जिवाणूत हे विकर 2008 साली स्वीडनमध्ये सापडले, आणि म्हणून त्याच्या नावात ‘न्यू दिल्ली’ आले. पुढे या नावावरून आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. वास्तविक मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी 2010 च्या मार्चमध्येच आपली तपासणी प्रसिद्ध केली होती: मेरोपेनेम ज्यात मोडते त्या कार्बापेनेम गटाच्या औषधांना दाद न देणाऱ्या 24 जिवाणू नमुन्यांपैकी 22 मध्ये त्यांना एनडीएम-1 चे जनुक आढळले होते. चर्चा या आकड्याची व्हायला हवी होती, ती नावाची झाली.

अशा जिवाणूंना रुग्णालय मानवते, कारण अँटिबायोटिकच्या माऱ्यात साधे जिवाणू मरतात आणि मोकळी जागा प्रतिरोधकांना मिळते. शिवाय लघवीची नळी, मानेतल्या शिरेत घातलेली नळी, व्हेंटिलेटरची नळी यांमुळे त्वचेची आणि श्वासमार्गाची राखण मोडून त्यांना थेट आत जाता येते. नळीच्या आतल्या बाजूवर ते चिकट थर धरतात, आणि त्या थरात औषध नीट पोहोचत नाही.

अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात 2011 साली एक रुग्ण असाच क्लेब्सिएला घेऊन दाखल झाली. त्यातले विकर वेगळे असले तरी काम तेच करणारे होते. तिला स्वतंत्र ठेवले होते आणि ती बरी होऊन घरीही गेली; पण सुमारे तीन आठवड्यांनी दुसऱ्या रुग्णात तोच जिवाणू सापडला. अखेर 18 जणांपर्यंत तो पोहोचला आणि त्यांपैकी 6 जणांचा मृत्यू या संसर्गामुळे झाला. जनुकक्रम ताडून पाहिल्यावर सगळे धागे त्या पहिल्या रुग्णाशी जुळले. शोधाशोधीत तो बेसिनच्या मोऱ्यांत आणि निर्जंतुक करून ठेवलेल्या एका व्हेंटिलेटरवरही मिळाला. मग तिथे नळकाम उखडले गेले, बाधितांसाठी भिंत घालून वेगळा कक्ष झाला, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण, मग तो कितीही मोठा डॉक्टर असो, हात धुतो की नाही हे पाहायला माणसे नेमावी लागली.