ट्रक समोर आला की ब्रेक कशाला दाबायचा?

रविवारी ढोकाळीला ताईकडे जेवायला गेलो होतो. आमरस जरा जास्तच झाला होता, सोफ्यावर डुलकी लागायच्या बेतात होतो, तेवढ्यात भाच्याने हातात कंट्रोलर कोंबला. टीव्हीवर ‘बर्नआउट पॅराडाइज’ सुरू होता. मूळ गेम 2008चा, 2018 मध्ये रंगरंगोटी करून पुन्हा आलेला. म्हणजे गेम भाच्याहून वयाने मोठा. मी गाडी घेतली आणि सवयीने लाल सिग्नलला थांबलो. तो फिस्सकन हसला. मग समोरून ट्रक आला, मी ब्रेक दाबला.

‘मामा, ब्रेक कशाला?’

‘अरे, ट्रक आहे समोर!’

‘ट्रक असणारच. घासून काढ ना त्याला, बूस्ट मिळतो.’

या गेमचा सगळा उलटा कारभार त्या एका वाक्यात आला. इंग्लंडच्या क्रायटेरियन गेम्स या कंपनीने 2001 मध्ये ‘बर्नआउट’ मालिका सुरू केली. चुकीच्या लेनमध्ये घुसा, गाडी वळणावर घसरवा, दुसऱ्याला चाटून निसटा, की स्क्रीनवरची बूस्टची पट्टी भरते. बूस्ट वापरला की वेग वाढतो आणि वेग वाढला की पुढचं निसटणं आणखी अवघड होतं. आरटीओच्या परीक्षेत ज्याला नापास करतात, त्याला इथे बक्षीस.

आता गंमत बघा. टीव्ही भिंतीला खिळलेला, मी सोफ्याला. तरी प्रत्येक वळणावर मी अंगाने कलत होतो. ठाणे स्टेशनवर उभ्या लोकलमध्ये बसलेलं असताना शेजारच्या रुळावरची गाडी सुटते आणि क्षणभर वाटतं, आपलीच निघाली. तशीच ही फसगत. नजरेचा मोठा भाग एका दिशेने सरकू लागला की मेंदू निष्कर्ष काढतो, जग काही हलत नाही, म्हणजे मीच हलतोय. कानातला तोलाचा अवयव ‘नाही, नाही’ म्हणत असतो, पण एकसारख्या वेगाने जाताना तो एरवीही गप्पच असतो, त्यामुळे डोळ्यांचं म्हणणं खरं धरलं जातं.

जेम्स गिब्सन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या नजरेचा अभ्यास करत होते. विमान उतरवताना माणूस नेमकं काय बघतो, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या लक्षात आलं, की आपण जिकडे जातो तो बिंदू स्थिर दिसतो आणि बाकीचं सगळं दृश्य त्या बिंदूतून बाहेर उसळत कडांकडे वाहत जातं. वेगाची जाणीव या वाहण्यात असते. आता डोळा जमिनीच्या जितका जवळ, तितकी जमीन जोरात वाहते. शिवनेरीच्या उंच सीटवर 80चा वेग कळतही नाही आणि रिक्षात 40ला जीव मुठीत येतो, त्यात रिक्षाच्या खडखडाटाइतकाच या उंचीचाही वाटा आहे. रेसिंग गेमवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. ते कॅमेरा रस्त्याला टेकवतात, खांब आणि कठडे अंगाशी आणतात, बोगदे घालतात. बूस्ट दाबला की दृश्याचा कोन रुंद करतात, कडा ताणल्या जातात, धूसर होतात. आकड्यात वेग थोडाच वाढतो, पोटात मात्र गोळा येतो.

आणि तो ट्रक? ठाण्यात राहणाऱ्याला हा प्रयोग रोज फुकट करता येतो. पुढच्या ट्रकच्या मागे लिहिलेलं ‘हॉर्न ओके प्लीज’ बघा. ट्रक जवळ येतो तशी अक्षरं मोठी होतात. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ली यांनी 1976 मध्ये दाखवलं, की ट्रक किती लांब आहे, किती वेगाने येतोय, यातलं काहीही माहीत नसलं तरी टक्कर किती वेळात होईल हे नुसत्या या वाढण्यावरून कळू शकतं. गेल्या एका सेकंदात अक्षरं दहा टक्क्यांनी वाढली असतील, तर आणखी दहा सेकंद हातात आहेत. एका सेकंदात दुप्पट झाली, तर एकच. यात अंतर मोजावं लागत नाही, भागाकार आयता डोळ्यातच होतो. गेममध्ये ट्रकला चाटून जायचं म्हणजे हा हिशेब शेवटच्या अर्ध्या सेकंदापर्यंत ताणायचा. तो जमला की जे अंगावर येतं, ते मी त्या दुपारी चार-पाचदा अनुभवलं. जमला नाही त्याची गणती भाच्याने ठेवली होती. तो आकडा इथे देत नाही.

पण माझं कुतूहल जमला नाही तेव्हाचं आहे. आपटलो की मला हसू का येत होतं?

गाडी आपटली की गेम वेळ संथ करतो. काचा तरंगतात, बॉनेट कागदासारखं चुरगळतं, एखादं चाक सावकाश निघून जातं. खऱ्या अपघातातून वाचलेली माणसंही ‘सगळं हळूहळू घडत होतं’ असं सांगतात. अमेरिकेत 2007 मध्ये हे तपासायला संशोधकांनी स्वयंसेवकांना 31 मीटर उंचीवरून खाली जाळ्यात सोडलं. मनगटावर वेगाने बदलणारे आकडे दाखवणारं यंत्र होतं. वेळ खरोखर संथ झाली असती, तर एरवी न वाचता येणारे आकडे पडताना वाचता आले असते. ते आले नाहीत. मात्र आपलं पडणं इतरांच्या पडण्यापेक्षा सरासरी 36 टक्के जास्त वेळ चाललं, असं त्यांना नंतर वाटलं. भीतीच्या क्षणी आठवण दाट नोंदली जाते आणि दाट आठवण लांब वाटते, असा संशोधकांनी त्याचा अर्थ लावला. गेम ती आठवणीतली लांबी आधीच तयार करून, वाढून देतो.

तरी एवढ्याने हसू येत नाही. ‘बर्नआउट 3’मध्ये, 2004 साली, क्रायटेरियनच्या मंडळींनी एक भन्नाट गोष्ट केली. गाडी ठोकली, हवेत उडाली, खेळ संपला असं वाटतं, तेव्हा एक बटण दाबून धरायचं. वेळ संथ होते आणि तुमचा तो हवेतला भंगाराचा गोळा तुम्हाला वळवता येतो. तो मागून येणाऱ्या स्पर्धकाच्या वाटेत नेऊन टाकला की त्याचाही निकाल. ‘पॅराडाइज’मध्ये तर गाडी मुद्दाम लोळवायची वेगळी सोय आहे. चेंडूसारखी टप्पे खात ती जितकी वाहनं चेपेल तितके गुण, आणि बसला धडकलात तर गुणाकार वाढतो. बसला एवढा मान आमच्या टीएमटीनेही कधी पाहिला नसेल.

म्हणजे अपघात झाल्यावरही लगाम तुमच्याच हातात. माझ्या मते सगळी मेख इथे आहे, आणि तिला आधार देणारा एक छान प्रयोगही आहे. फिनलंडमध्ये निक्लास राव्हाया आणि सहकाऱ्यांनी ‘सुपर मंकी बॉल 2’ हा गेम खेळणाऱ्यांच्या चेहऱ्यावर स्नायूंचे सूक्ष्म विद्युतसंकेत टिपणारे सेन्सर चिकटवले. हसताना गालाचा स्नायू आवळतो, त्रासलो की भुवयांचा. पारदर्शक गोळ्यातलं माकड कडेवरून खाली पडलं, म्हणजे खेळाडू हरला, तेव्हा चेहऱ्याने काय नोंदवलं? आनंद. उलट, तेच पडणं पुन्हा दाखवलं जाताना नुसतं बघत बसायची वेळ आली की चेहरा पडला. 2006 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्वतःच्या हाताने पडणं गमतीचं, पडलेलं बघत बसणं कंटाळवाणं. क्रायटेरियनवाल्यांनी तो बघत बसण्याचा वेळच काढून टाकला होता, तोही हे निष्कर्ष प्रसिद्ध होण्याच्या दोन वर्षं आधी.

या हसण्यामागची दुसरी गोष्ट ठाण्याच्या मामलेदार मिसळीची. तर्री जिभेला लागते, नाक वाहतं, डोळ्यांतून पाणी, आणि माणूस म्हणतो ‘अजून रस्सा द्या’. जीभ ‘भाजलं’ म्हणून ओरडत असते आणि डोक्याला माहीत असतं की काही भाजलेलं नाही. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने मिरचीपासून भयपटांपर्यंतच्या अशा आवडींना एकच नाव दिलं, त्याचा अर्थ होतो निरुपद्रवी आत्मपीडा.

गेम निरुपद्रवी राहावा म्हणून केलेली लपवालपवी मात्र बघण्यासारखी आहे. ‘पॅराडाइज’च्या गाड्यांमध्ये ड्रायव्हरच नसतो. फुटपाथवर चिटपाखरू नाही. गाड्यांच्या कंपन्याही काल्पनिक. तीन-चार सेकंदांत कोरी गाडी पुन्हा रस्त्यावर. खरं भौतिकशास्त्र काय सांगतं? ताशी 60च्या वेगाने भिंतीवर आदळणं म्हणजे साधारण 14 मीटरवरून, पाचव्या मजल्यावरून पडणं. वेग दुप्पट केला की उंची चौपट होते. ताशी 120 म्हणजे घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टॉवरचा 19वा मजला. असे गेम खेळल्यावर लगेच काही तरुणांनी, विशेषतः मुलग्यांनी, प्रयोगशाळेतल्या वाहतुकीच्या प्रसंगांत जास्त धोका पत्करला, असं 2007च्या जर्मन अभ्यासात दिसलं होतं. त्यावरून गेमला खुनी ठरवणं मला पटत नाही. पण कंट्रोलर ठेवल्या ठेवल्या मी गाडीची चावी उचलली नाही, आधी चहा घेतला.

संध्याकाळी भाच्याला क्लासला सोडायला कासारवडवलीकडे निघालो. मेट्रोच्या खांबांच्या कडेने ताशी 30. वाघबीळच्या अलीकडे पुढच्या कंटेनरचे लाल दिवे एकदम पेटले. मी आरामात थांबलो, मध्ये एखादी रिक्षा मावेल एवढी जागा होती. शेजारी बघितलं. दिवसभर शेकडो गाड्या चेपलेला हा वीर एका हाताने दाराची मूठ धरून बसला होता आणि त्याचा उजवा पाय पायाखालच्या रबरी मॅटमध्ये घट्ट रुतला होता.

‘मामा,’ तो म्हणाला, ‘ब्रेक जरा आधी दाब ना.’