७४ दिवसांचा हिशेब

बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रीत भट्टीसमोर उभा राहणारा कामगार असो की चिकोडीकडच्या गुऱ्हाळावर काहिलीतली मळी काढणारा गुळव्या, लग्नाला चार वर्षे होऊनही पाळणा हलला नाही की आपल्या सीमाभागात पहिली तपासणी सुनेची होते. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी सर्वांत स्वस्त आणि सोपी असूनही तिची पाळी बहुधा शेवटी येते. वस्तुतः मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचा कमी-अधिक वाटा असतो. अखेर तो अहवाल हाती येतो, तेव्हा त्यावर आजची तारीख असली तरी त्यातील आकडे बऱ्याच अंशी दोन-अडीच महिन्यांपूर्वीच्या शरीराची हकीकत सांगत असतात.

याचे कारण वृषणांच्या रचनेत आणि कामाच्या पद्धतीत आहे. गर्भावस्थेत वृषण पोटात, मूत्रपिंडांच्या जवळ तयार होतात आणि जन्मापूर्वी खाली सरकत वृषणकोशात उतरतात, कारण माणसात शुक्राणूंच्या निर्मितीला शरीरापेक्षा दोन ते चार अंश सेल्सिअस कमी तापमान लागते. थंडीत वृषणकोशाची कातडी आक्रसते आणि स्नायू वृषणांना वर ओढून घेतात. उन्हाळ्यात तीच कातडी सैल पडून वृषण शरीरापासून दूर लोंबतात. शिवाय वृषणाकडे जाणाऱ्या रोहिणीभोवती शिरांचे वेलीसारखे जाळे असते आणि त्यातून परतणारे थंड रक्त खाली येणाऱ्या उष्ण रक्ताची उष्णता वाटेतच काढून घेते. दांडेलीच्या जंगलातून खानापुरात उतरणाऱ्या हत्तीचे वृषण मात्र आयुष्यभर पोटातच असतात आणि तरीही त्याचे काही अडत नाही, तेव्हा हा सर्वच सस्तन प्राण्यांचा नियम नव्हे. माणसाच्या मुलात सहा महिन्यांच्या वयापर्यंत वृषण खाली उतरले नसतील तर शस्त्रक्रियातज्ज्ञांना दाखवावे. ही शस्त्रक्रिया दीड वर्षाच्या आत व्हावी, असा सल्ला दिला जातो. ‘मोठा झाल्यावर उतरेल’ असे म्हणून थांबणे महागात पडते.

चार-पाच सेंटिमीटर लांबीच्या वृषणात सुमारे अडीचशे कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात केसासारख्या बारीक शुक्रजनक नलिकांची वेटोळी दाटीने बसवलेली असतात. एका वृषणातील साऱ्या नलिका उलगडून जोडल्या तर त्यांची लांबी काही शे मीटर भरेल. या नलिकांच्या भिंतीत उंच पोषक पेशी उभ्या असतात. १८६५ मध्ये एन्रिको सेर्टोली यांनी त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या सेर्टोली पेशी. शुक्राणू वयात आल्यावरच तयार होऊ लागत असल्यामुळे लहानपणीच ‘आपले-परके’ शिकून बसलेली शरीराची संरक्षणयंत्रणा त्यांना परके ठरवण्याचा धोका असतो. सेर्टोली पेशी एकमेकींना घट्ट चिकटून जो बांध घालतात, तो ही गाठभेट टाळतो.

भिंतीच्या बाहेरच्या कडेला मूळ जननपेशी असतात. शेतकरी जसा सगळा जोंधळा विकत नाही, बियाण्यापुरता राखून ठेवतो, तसा या पेशींचा काही हिस्सा मूळ रूपातच राहतो आणि बाकीच्या पुढच्या प्रवासाला लागतात. म्हणूनच पुरुषात ही निर्मिती म्हातारपणीही पुरती थांबत नाही. पुढे निघालेल्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. अर्धगुणसूत्री विभाजनात आईकडून व वडिलांकडून आलेली गुणसूत्रे आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात आणि दोन टप्प्यांनंतर २३-२३ गुणसूत्रांच्या चार पेशी उरतात. त्यांपैकी दोघींत एक्स गुणसूत्र असते व दोघींत वाय. मुलगा की मुलगी हे इथे ठरते, आणि तरीही मुलींच्या नावाने बोलणी खावी लागतात ती आईलाच.

या चार पेशी अजून गोल असतात, त्यांना पोहता येत नाही. आता त्यांचा कायापालट होतो: केंद्रकातील डीएनए विशेष प्रथिनांच्या साह्याने अतिशय घट्ट गुंडाळला जातो, डोक्यावर बीजांडाचे आवरण भेदणाऱ्या विकरांची टोपी चढते, मानेपाशी ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिकांचे वेढे बसतात, शेपूट फुटते आणि उरलेला बहुतेक पेशीद्रव सेर्टोली पेशी गिळून टाकतात. तयार शुक्राणू मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याहून थोडाच मोठा असतो. १९६३ मध्ये हेलर आणि क्लेरमाँ यांनी किरणोत्सारी खुणेच्या साह्याने मोजले, तेव्हा हा सारा प्रवास सुमारे ७४ दिवसांचा निघाला. गणेशचतुर्थीला निघालेली पेशी त्रिपुरी पौर्णिमा उलटल्यावर पूर्ण होते, असे समजावे.

त्यानंतरही शुक्राणू कच्चाच असतो. वृषणाच्या पाठीशी असलेल्या अधिवृषणातील सुमारे सहा मीटर लांबीच्या नलिकेतून जाताना, काही दिवसांत, त्याला पोहण्याची क्षमता येते. पुढे शुक्रवाहिनी त्याला पोटात नेते, तिथे शुक्राशय व प्रोस्टेट ग्रंथी आपापले स्राव मिसळतात आणि मूत्रमार्गातून वीर्य बाहेर पडते. वीर्यात शुक्राणूंचा वाटा जेमतेम दोन ते पाच टक्के. बाकी सगळा स्राव, त्यात शुक्राशयाने दिलेली फ्रुक्टोज ही साखर. म्हणूनच नसबंदीनंतर वीर्याचे प्रमाण फारसे घटत नाही. ‘एक थेंब वीर्य म्हणजे चाळीस थेंब रक्त’ या समजुतीलाही शरीररचनेत काहीच आधार नाही.

या कामाचा मुकादम मेंदूच्या तळाशी, पीयूषिका ग्रंथीत बसलेला असतो. तिची दोन संप्रेरके वृषणाला कामाला लावतात, त्यांतील एकामुळे वृषणातच टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तयार होते, आणि रक्तात ते पुरेसे झाले की ग्रंथी हात आखडता घेते. तालमीत किंवा जिममध्ये दंड फुगवण्यासाठी जो तरुण बाहेरून टेस्टोस्टेरॉनसारखे स्टेरॉइड टोचून घेतो, त्याच्या पीयूषिकेला माल भरपूर आहे असे वाटते. ती आदेश थांबवते, वृषण आकसतात आणि शुक्राणू शून्यापर्यंत घसरू शकतात. पिळदार शरीराच्या या पहिलवानाला डॉक्टरांचे बोलणे सहसा खरे वाटत नाही.

आता अहवालाकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू ही संदर्भाची खालची मर्यादा आहे, पण एकाच नमुन्यावरून निदान करू नये. दोन महिन्यांपूर्वी कडक ताप येऊन गेला असेल, तर त्या वेळी अर्ध्या वाटेवर असलेल्या पेशींची हानी आज आकड्यांत दिसते. भट्टीची रोजची धग आणि तंबाखूचे व्यसन यांचाही विचार करावा लागतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना मागील तीन महिन्यांतील आजार, औषधे आणि कामाचे स्वरूप लिहून न्यावे, नमुना देण्यापूर्वी दोन ते सात दिवस संयम पाळावा, आणि तंबाखू सोडली असेल किंवा काम बदलले असेल, तर त्याचा परिणाम पाहण्यासाठी पुढचा नमुना तीन महिन्यांनी द्यावा.