आतड्याच्या नाक्यावरचे आरएनए

२०२१ साली निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे आरटीपीसीआरचा रिपोर्ट मागत. त्या चाचणीत शोधत होते विषाणूचा आरएनए, म्हणजे जनुकीय माहिती वाहणारा रेणू. असाच एक नाका आपल्या पोटातही आहे. फरक इतकाच, की तिथला कारभार हाकण्यात आरएनएचाच मोठा हात असतो.

आतड्याचे अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. जोंधळ्याच्या भाकरीतून सुटलेली साखर तो आत घेतो आणि अब्जावधी जंतूंना बाहेर थोपवतो. त्यातल्या बहुतेक पेशी चार-पाच दिवसांत झडतात, नव्या येतात. दोन पेशींमधली फट ऑक्लुडिन, क्लॉडिन ही प्रथिने बंद ठेवतात. ती कमी पडली की जंतूंचे अवशेष आत झिरपतात आणि सूज येते.

ही प्रथिने बनवण्याचा डीएनएकडचा निरोप मेसेंजर आरएनए आणतो. आपल्या जीनोममध्ये, म्हणजे पेशीतल्या एकूण डीएनएमध्ये, प्रथिनांची कृती असलेला भाग जेमतेम दीड-दोन टक्के. उरलेल्याला बरेच जण 'कचरा' म्हणून मोकळे झाले होते. पण प्रथिन न बनवणारे हजारो आरएनए त्यातूनही निघतात. त्यांपैकी सुमारे २२ अक्षरांच्या मायक्रोआरएनएचा पहिला नमुना १९९३ मध्ये एका चिमुकल्या कृमीत सापडला. त्या शोधाचे नोबेल व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना मिळायला २०२४ उजाडले.

आता खरी गंमत. सुजेत टीएनएफ-अल्फा हे सूज भडकवणारे प्रथिन वाढते, त्याने आतड्याच्या पेशींत मायक्रोआरएनए-१२२ए वाढतो. हा ऑक्लुडिनच्या निरोपाला जाऊन चिकटतो आणि तो निरोपच नष्ट होतो. ऑक्लुडिन घटले, फट वाढली, आणखी जंतू आत, आणखी सूज! याच्या उलट यूसी-१७३ नावाचा लांबलचक आरएनए क्लॉडिन-१चा निरोप दाबणाऱ्या मायक्रोआरएनए-२९बीला आवर घालतो, म्हणून ते प्रथिन टिकते.

यातले बरेचसे प्रयोगशाळेतल्या पेशींत आणि उंदरांत दिसलेले आहे. तेव्हा 'लीकी गट' (आतड्याची गळती) आठवड्यात बरे करणाऱ्या पावडरींचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज मी तरी न वाचताच उडवतो. नाचणी, कडधान्ये यांतल्या चोथ्याचे मात्र खरे: मोठ्या आतड्यातले जंतू त्यापासून ब्युटिरेट नावाचे रसायन बनवतात, तेच तिथल्या पेशींचे मुख्य इंधन.

औषधांच्या बाजूला फ्रान्सचे ओबेफाझिमॉड सर्वांत पुढे आहे. ते मायक्रोआरएनए-१२४ वाढवून सूज उतरवते. फटी थेट बुजवत नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येणाऱ्या आजाराच्या) रुग्णांवर ते चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचले आहे.