धोकादायक माल वाहून नेणाऱ्या चालकांसाठी: लायसन्सवरची नोंद कशी मिळवायची आणि गाडीत काय ठेवायचे

पेट्रोल, एलपीजी, क्लोरीन किंवा ॲसिडचा टँकर चालवायला नुसते अवजड वाहनाचे लायसन्स पुरत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९ नुसार लायसन्सवर धोकादायक मालाची वेगळी नोंद लागते.

त्यासाठी ट्रान्सपोर्ट (व्यावसायिक वाहनाचे) लायसन्स हवे आणि राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातली एक भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवे. ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठीची आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली, म्हणून इथेही अक्षरओळख लागत नाही असे काही जण धरून चालतात. तसे नाही. मालाच्या सूचना वाचता न येणाऱ्याच्या हाती टँकर देणे धोक्याचेच.

आधी सरकारमान्य संस्थेत तीन दिवसांचे प्रशिक्षण पूर्ण करा. त्या प्रमाणपत्राशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. मग सारथी या सरकारी लायसन्स पोर्टलवर लायसन्स क्रमांक व जन्मतारीख टाकून धोकादायक मालाच्या नोंदीची सेवा निवडा, प्रमाणपत्र अपलोड करा, शुल्क भरा आणि मूळ कागद घेऊन आरटीओत जा. नूतनीकरणही सोबत असेल तर फॉर्म १-अ मधील वैद्यकीय दाखला लागेल. असे लायसन्स तीन वर्षे चालते (इतर ट्रान्सपोर्ट लायसन्स पाच वर्षे). मुदत संपायच्या आधीच उजळणी वर्ग उरकून घ्या, ऐनवेळी बॅच मिळेलच असे नाही.

नोंद झाली तरी खरी परीक्षा माल भरताना असते. माल पाठवणाऱ्याकडून ट्रेम कार्ड (मालाचा धोका आणि आणीबाणीत काय करायचे ते सांगणारे कार्ड) मागून घ्या आणि ते केबिनमध्येच, हाताशी ठेवा. मालकाच्या ऑफिसातल्या फाइलीत त्याचा काही उपयोग नाही. नंतर गाडीभोवती एक फेरी मारा. दोन्ही बाजूंना आणि मागे आपत्कालीन माहितीचा फलक हवा: मालाचे तांत्रिक नाव, यूएन क्रमांक (धोकादायक मालाला संयुक्त राष्ट्रांच्या यादीत दिलेला क्रमांक), धोक्याचे चिन्ह, आपत्कालीन फोन नंबर. यूएन क्रमांकाचे आकडे किमान १०० मिमी उंच असावेत. पेट्रोल असेल तर १२०३ दिसायला हवा. माल बदलला आणि फलक जुनाच राहिला, तर अग्निशमन दल चुकीच्या रसायनाची तयारी करून येईल. एवढ्या एका कारणासाठी गाडी थांबवून ठेवायला हरकत नाही.

वाटेत गाडी उभी करायची तर आगीपासून सुरक्षित जागी, आणि कोणाच्या तरी देखरेखीखाली. चालक नसेल तर १८ वर्षांवरील जाणकार माणूस हवा. अपघात झाला तर लगेच जवळच्या पोलीस ठाण्याला आणि गाडीच्या मालकाला किंवा ट्रान्सपोर्टरला कळवा, आणि बचाव पथक आले की ट्रेम कार्ड त्यांच्या हातात द्या.