‘सर्वांगीण’ या शब्दामागचं अंगण

बालवाडीच्या प्रवेशाचे दिवस आले की प्रत्येक माहितीपत्रकात एक शब्द हमखास सापडतो: सर्वांगीण विकास. त्याखाली शारीरिक, बौद्धिक, भावनिक, सामाजिक, भाषिक अशी अंगं मांडलेली असतात आणि प्रत्येक अंगाच्या वाट्याला आठवड्यातल्या एक-दोन तासिका आलेल्या असतात. वापरून वापरून हा शब्द गुळगुळीत झाला आहे, पण तो वेळापत्रकातून जन्मलेला नाही. तीन वर्षांचं मूल शाळेच्या दारात उभं राहतं तेव्हा सोबत भूक आणतं, सर्दी आणतं, आईचा हात सुटल्याचं रडू आणतं, कधी कधी कडेवर धाकटं भावंडही आणतं. काही माणसांनी हे नीट पाहिलं आणि त्यांना शिकवण्याची रीतच बदलावी लागली. त्या बदलाची ही हकीकत.

सुरुवात जर्मनीतून करावी लागते. फ्रीडरिश फ्रबेल यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी एक संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं. खेळ हेच या वयाचं खरं काम, ही त्यांची श्रद्धा होती. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी गोल, ठोकळा, दंडगोल ही त्यांची साधनं होती. त्यांना ते ‘भेटी’ म्हणत. गाणी, वर्तुळातले खेळ आणि मुलांनी स्वतः जोपासायचे बागेतले वाफे हेही शिक्षणातच मोडत होतं. प्रशियाच्या सरकारला यात धोका दिसला आणि १८५१ मध्ये तिथे किंडरगार्टनवर बंदी आली. पुढच्याच वर्षी फ्रबेल गेले. बंदी उठली १८६० मध्ये.

मारिया माँटेसरी या पेशाने डॉक्टर. रोममधल्या सान लोरेंझो या कामगार वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी पहिलं ‘बालगृह’ उघडलं. आईबाप दिवसभर कामावर आणि मुलं चाळीत मोकाट, अशी तिथली अवस्था होती. माँटेसरींनी मुलांच्या हातात काय दिलं, ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. दट्ट्यांची पेटी घ्या. एका लांब लाकडी ठोकळ्यात दहा खोबणी आणि त्यांत बसणारे दहा दट्टे. कुणी जाड, कुणी बारीक, कुणी खोल, कुणी उथळ. मूल सगळे दट्टे काढतं, मिसळतं आणि पुन्हा बसवतं. एक जरी चुकीच्या खोबणीत गेला तरी शेवटी एक दट्टा उरतो आणि त्याला जागा मिळत नाही. बाईंनी ‘चुकलास’ म्हणायची गरजच पडत नाही, कारण चूक साधनच दाखवतं. शिवाय दट्ट्याची छोटी मूठ तीन बोटांच्या चिमटीत धरावी लागते आणि पुढे पेन्सिलही त्याच चिमटीत धरायची असते. डोळ्याचा अंदाज, बोटांची ताकद, चिकाटी आणि आपलं आपल्याला जमल्याचा आनंद, सगळं एका पेटीत. सर्वांगीणचा इतका सरळ अर्थ मला दुसरीकडे कुठे दिसलेला नाही.

आपल्याकडे हा विचार भावनगरमार्गे आला. गिजुभाई बधेका हे वकिली सोडून शिक्षणात आलेले गृहस्थ. १९२० मध्ये त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. मार नाही, बक्षिसाचं आमिष नाही. गोष्टी, नाटकं, गाणी, बागकाम भरपूर. लोक त्यांना प्रेमाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणत. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचं प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक तिथे दाखल झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. गिजुभाई १९३९ मध्ये वारले. त्याच वर्षी खुद्द माँटेसरी प्रशिक्षणवर्ग घेण्यासाठी मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम काही वर्षं लांबला. त्यांच्या हाताखाली तयार झालेले शिक्षक देशभर गेले.

ताराबाईंनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढलं होतं आणि ते उत्तम चाललंही होतं. तरीही १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या ठाणे जिल्ह्याच्या टोकाला, समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या. (आता हा भाग पालघर जिल्ह्यात आहे.) पुण्यातली शिक्षिकेची नोकरी सोडून अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातलं खरं वळण हेच.

कारण शहरातली पद्धत इथे जशीच्या तशी लागू होईना. माँटेसरीची साधनं महाग, तेव्हा शंख-शिंपले, खडे, बिया, पानं, बांबू, माती यांतून साधनं घडवावी लागली. मोजायला बिया आणि लहान-मोठं लावायला शिंपले असले, तरी खोबणीत बसणाऱ्या दट्ट्यामागचं तत्त्व तेच राहिलं. दुसरी अडचण मोठी होती: मुलं शाळेत येतच नव्हती. वस्ती लांब, आईबाप मजुरीवर, धाकटं भावंड सांभाळायचं कुणी? मग शाळाच उठून वस्तीत गेली. ठरावीक जागी भरणारी ती मध्यवर्ती बालवाडी आणि वस्तीतल्या एखाद्या अंगणात भरणारी ती अंगणवाडी. आज देशभर सरकारी पाटीवर असलेला हा शब्द असा गरजेतून घडला. तिथला दिवस मुळाक्षरांनी उजाडत नसे. आधी मुलांना गोळा करायचं, हातपाय-तोंड धुवायचं, आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ.

केंद्र पुढे कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या शेजारी हललं. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छताखाली आणणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली. म्हणजे मोठी बहीण वर्गात बसली असताना कडेवरचं बाळ पलीकडे पाळणाघरात. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरू लागली, ती कुरणशाळा. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं आणि १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताई १९९२ पर्यंत तिथेच राहिल्या.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरज पडल्यास मोठ्या दवाखान्यात पाठवणं), आरोग्य-पोषण शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण या सहा सेवा आणि त्या द्यायची जागा अंगणवाडी. कागदावर हे बोर्डीचंच सूत्र होतं. व्यवहारात मात्र वजनं, नोंदवह्या, आहारवाटप आणि गृहभेटी यांत सेविकेचा दिवस संपतो आणि सहावी सेवा उरल्यासुरल्या वेळात बसवावी लागते. याचा दोष सेविकेला देणं मला अन्यायाचं वाटतं.

शहरांत याच काळात दुसरी लाट आली. नर्सरी, ज्युनिअर केजी, सिनिअर केजी म्हणजे पहिलीची आगाऊ तयारी, असं ठरून गेलं. तीन वर्षांच्या मुलांच्या मुलाखती होऊ लागल्या, रेघांच्या वहीत अक्षरं गिरवणं आलं, गृहपाठही आला. मुलांवरच्या अभ्यासाच्या ओझ्याचा विचार करणाऱ्या यशपाल समितीने १९९३ च्या अहवालात, नर्सरी प्रवेशासाठी चाचण्या आणि मुलाखती बंद करा, असं स्पष्ट सांगितलं. ‘सर्वांगीण’ हा शब्द माहितीपत्रकांवर ठळक झाला तो याच गर्दीत. ओझ्याला कंटाळलेल्या पालकांना तो दिलासा वाटला, आणि वाटणं साहजिकच होतं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा सलग पायाभूत टप्पा मानला: पूर्वप्राथमिकची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. त्याचा राष्ट्रीय आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. तीन ते सहा या वयात परीक्षा हे मूल्यमापनाचं साधनच नव्हे, मुलांचं निरीक्षण करा, असं तो सांगतो. विकासाच्या मांडणीसाठी त्याने पंचकोशांचा, म्हणजे माणसाच्या घडणीचे पाच थर मानणाऱ्या जुन्या भारतीय कल्पनेचा, आधार घेतला आहे: अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय, आनंदमय. यातला पहिला कोश शरीराचा आहे. बोर्डीचा दिवसही आंघोळीने सुरू होत होता.

कायद्याचं मात्र वेगळं आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालच्यांसाठी राज्य ‘प्रयत्न करील’ एवढंच अनुच्छेद ४५ मध्ये म्हटलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही हीच वयोमर्यादा धरली. धोरणाने टप्पा तिसऱ्या वर्षापर्यंत खाली आणला, हक्काची रेघ अजून सहाव्या वर्षावरच आहे.